फळ्यावर न आलेलं

दिवाळीच्या सुट्टीआधी अकरावी सायन्सच्या एखाद्या विद्यार्थ्याची फिजिक्सची वही उघडून पाहा. जालना शहरातलं मोठं कॉलेज असो की मंठा, परतूर, भोकरदनकडचं ज्युनिअर कॉलेज, वही बहुधा सारखीच दिसते. अक्षर नेटकं. चॅप्टरचं नाव लाल शाईत, त्याखाली दोन रेघा. आकृत्या पेन्सिलीने. प्रत्येक डेरिव्हेशन पहिल्या ओळीपासून शेवटच्या चौकटीतल्या सूत्रापर्यंत जसंच्या तसं. एवढी मेहनत घेतलेली असते की पाहणाऱ्याला कौतुक वाटतं. मग मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारावं, ‘ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘सरांनी फळ्यावर तसंच लिहिलं होतं.’

यात पोरांचा दोष नाही. दहावीपर्यंत वही पूर्ण असावी लागते. ती तपासली जाते, तिच्यावर सही होते, अपुरी असली की बोलणी बसतात. म्हणून ‘सर, हे लिहून घ्यायचं का?’ हा प्रश्न वर्गात रोज येतो. इतिहासात किंवा जीवशास्त्रातल्या वर्णनात असं लिहून घेतलेलं पुढे वाचून लक्षात ठेवता येतं. भौतिकशास्त्रात ते भागत नाही. तिथे फळ्यावर येतं ते समीकरण. एका समीकरणावरून दुसऱ्यावर कशाच्या जोरावर गेलो, हे शिक्षक तोंडाने सांगतात. खडू हातात धरून, वर्गाकडे वळून, कधी हातवारे करून. ते फळ्यावर येतच नाही. वहीत फळा उतरतो आणि बोलणं हवेत विरून जातं. माझ्या मते फिजिक्सची वही त्या बोलण्यासाठीच असावी.

समीकरणं हरवायची भीती नको. बालभारतीची अकरावीची पुस्तकं २०१९ साली आणि बारावीची २०२० साली आली. अकरावीच्या फिजिक्समध्ये १४ आणि बारावीच्या फिजिक्समध्ये १६ प्रकरणं आहेत, आणि बोर्डाला लागणारी डेरिव्हेशन्स त्यांत छापलेली आहेत. जे घरी छापील आहे तेच तासभर उतरवण्यात हात गुंतला की कान बंद होतो. त्यापेक्षा तासाला पुस्तक समोर उघडं ठेवावं, वहीत विषय आणि पान नंबर टाकावा, आणि हात मोकळा ठेवावा.

आता प्रत्यक्ष एक पान कसं दिसेल ते पाहू. लाँगबुक घ्यावं. उजवं पान तासासाठी, डावं पान कोरं सोडायचं. बारावीचं पहिलं प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्सचं, त्यात सपाट वळणावरून जाणाऱ्या गाडीचा भाग येतो. उजव्या पानावर आधी आकृती: वरून पाहिलेलं वळण, गाडीची चौकट, केंद्राकडे जाणारा एक बाण. मग चार ओळी पुरतात. वळायचं तर गाडीला केंद्राकडे बल हवं. सपाट रस्त्यावर ते देणारं घर्षणाशिवाय दुसरं कोणी नाही. घर्षणाची कमाल म्हणजे घर्षण गुणांक गुणिले वस्तुमान गुणिले जी. दोन्ही समान धरले की वस्तुमान कटतं आणि उरतं: कमाल वेगाचा वर्ग बरोबर गुणांक गुणिले त्रिज्या गुणिले जी.

खरं काम डाव्या पानावर. तिथे तासाला सुचलेले, किंवा सरांनी बोलता बोलता सोडवलेले प्रश्न. ‘घर्षण केंद्राकडेच का?’ त्याखाली उत्तर: गाडी सरळ जायला बघते, म्हणजे वळणाच्या बाहेर सरकायला बघते, घर्षण त्या सरकण्याच्या विरुद्ध. ‘चाक फिरतंय, मग स्थितिक घर्षण कसं?’ कारण टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला आहे तो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने थांबलेला असतो. हा दुसरा प्रश्न वर्गातल्या निम्म्या पोरांच्या मनात येतो आणि वहीत मात्र सहसा कोणाच्याच नसतो.

मग आकडे घालून पाहावं. वळणाची त्रिज्या ५० मीटर, कोरड्या डांबरावर गुणांक ०.८, जी सोयीसाठी १०. वेगाचा वर्ग ४००, वेग २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. त्याच वळणावर पावसात शेतातल्या ट्रॅक्टरने चिखल सांडलेला, गुणांक ०.२. वर्ग १००, वेग १०, म्हणजे ताशी ३६. घर्षण चौपटीने कमी झालं, पण वेगाची मर्यादा निम्म्यावर आली. ‘वर्गमूळ’ नावाच्या गोष्टीचं सूत्रात बसून काय चाललेलं असतं ते एकदा अशा आकड्यांतून कळलं की पुन्हा विसरत नाही.

अंबड, घनसावंगीकडच्या मुलांना इथे आणखी एक प्रश्न पडायला हवा, कारण गाळपाच्या हंगामात त्यांच्या रस्त्यावरून रोज उसाच्या ट्रॉल्या जातात. सूत्रात वस्तुमान नाही, म्हणजे मोटारसायकल आणि भरलेली ट्रॉली यांची मर्यादा एकच. मग ट्रॉलीच का उलटते? डाव्या पानावर हा प्रश्न लिहिला की उत्तर शोधावं लागतं. घसरणं वेगळं, उलटणं वेगळं. ट्रॉलीच्या दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर धरा, म्हणजे निम्मं ०.८, आणि ऊस वर रचल्यामुळे वस्तुमान केंद्र जमिनीपासून १.६ मीटर उंच गेलेलं. उलटण्याच्या मर्यादेत घर्षण गुणांकाच्या जागी या दोघांचं गुणोत्तर येतं, ०.५. वेगाचा वर्ग २५०, वेग ताशी सुमारे ५७ किलोमीटर. म्हणजे ७२ ला घसरण्याआधीच ती ५७ ला पलटी होते. वस्तुमान इथेही कटतं, उंची मात्र कटत नाही. एवढं ज्याच्या डाव्या पानावर आहे त्याला बँकिंगचं, म्हणजे कलत्या वळणाचं, पुढचं डेरिव्हेशन पाठ करावं लागणार नाही.

अशा स्वतःशी केलेल्या खुलाशाचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. मिशेलिन ची या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना न्यूटनच्या नियमांवरची सोडवलेली उदाहरणं वाचायला दिली आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. पुढे जे गणितं चांगली सोडवू शकले ते वाचताना ओळीओळीला कारण जोडत होते: हे बल इथे का घेतलं, हा बाण या दिशेला का. आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘हे मला कळलं नाही’ असं चांगले विद्यार्थी जास्त वेळा म्हणत होते. ज्यांना पुढे गणितं जमली नाहीत त्यांना वाचताना सगळं कळल्यासारखं वाटत होतं. आपल्याकडे न कळलेलं लपवायची सवय लहानपणापासून लागते. डावं पान ती सवय मोडायला फार उपयोगी पडतं, कारण ते कोणी तपासत नाही. तिथे पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवावं, आणि दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ते पान घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जावं. ‘सर, हा चॅप्टर कळला नाही’ असं म्हटलं की शिक्षकाला कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. ‘सर, या ओळीत वजा चिन्ह कुठून आलं?’ म्हटलं की दोन मिनिटांत काम होतं.

जालना जिल्ह्यात आणखी एक अडचण असते, आणि ती खेड्यातल्या मुलांना फार छळते. दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ मराठीतून शिकलेलं असतं. ‘सेमी’वाल्यांचं तेवढं वेगळं. अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. पहिले दोन-तीन महिने मुलं ऐकतात एक, लिहितात भलतंच, आणि इंग्रजी वाक्य चुकू नये म्हणून फळ्यावरून अक्षर न् अक्षर उतरवतात. माझं स्पष्ट मत आहे: कारण मराठीत लिहावं. पारिभाषिक शब्द इंग्रजीत राहू द्यावेत, कारण पेपरात तेच लागणार. पण ‘वस्तुमान जास्त म्हणून ढकलायला जड, म्हणून त्वरण कमी’ हे आपल्या बोलीत लिहिलं की ते आपलं होतं. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर जोड्या लिहीत जाव्यात: त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स. दहावीत शिकलेलं वाया गेलेलं नाही हे त्यातून रोज दिसत राहतं. बोर्डाच्या पेपरसाठी लागणारी इंग्रजी वाक्यं, व्याख्या आणि नियम, पुस्तकातून वेगळी पाठ करता येतात. ती कमी आहेत. समजणं आणि इंग्रजी या दोन कामांची एकाच तासात गाठ घालू नये.

वही कशी लिहावी याचा विचार या जिल्ह्याच्या मातीत जुना आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी झाला. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल, सुटं आणि सारख्या वळणाचं असावं, ओळीतली काना-मात्रा खालच्या ओळीत घुसू नये, पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिलेलं वाटावं, हे तर त्यात आहेच. पण पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या, झडल्या तरी मजकूर वाचतो, असंही ते सांगतात. पोथी पिढ्यान् पिढ्या टिकायची तर अशी दूरदृष्टी हवीच. आपल्या वहीला इतकी वर्षं काढायची नाहीत, तरी मोकळी जागा तिलाही लागते, वेगळ्या कारणासाठी: तीन महिन्यांनी त्याच पानावर परत येऊन लिहिता यावं म्हणून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी विद्यार्थ्यांना वहीची एक मांडणी शिकवली, तीही याच कामासाठी: डावीकडे अरुंद पट्टा प्रश्नांसाठी, उजवीकडे टिपणं, खाली सारांशाची जागा. फिजिक्सला मात्र तो पट्टा अपुरा पडतो, आकृत्या आणि गणितं त्यात मावत नाहीत. म्हणून अख्खं डावं पान सोडावं असं मला वाटतं. कागद जास्त जातो, हे खरं. पण फेअर वही वेगळी करणं बंद केलं तर हिशेब बरोबर बसतो. रफ वहीतून फेअर वहीत उतरवण्यात गेलेली संध्याकाळ गणितं सोडवण्यात घालवलेली बरी.

टिपणांच्या जोरावर ज्याचं आयुष्य बदललं असा भौतिकशास्त्रातला माणूस म्हणजे मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा. शाळा नावापुरती. लंडनमध्ये पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने चार व्याख्यानं ऐकली, बसल्या जागी कच्ची टिपणं काढली, घरी येऊन ती विस्ताराने लिहिली, उपकरणांच्या आकृत्या काढल्या, आणि स्वतःच्या हाताने बांधून तो ग्रंथ डेव्हींना पाठवला. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला तिथे नोकरी मिळाली.

पुढे आयुष्यभर फॅरडेंनी प्रयोगांची रोजनिशी ठेवली, परिच्छेदांना क्रमांक देत, आणि तो क्रमांक १६ हजारांच्या पुढे गेला. २९ ऑगस्ट १८३१ च्या नोंदीत लोखंडी कड्याचं वर्णन आहे: बाहेरून व्यास ६ इंच, लोखंडाची जाडी इंचाचे ७/८. कड्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीला बॅटरी जोडली की दुसरीजवळची चुंबकसुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी काढली की पुन्हा हलली. सुई फक्त जोडताना आणि तोडताना हलते, मध्ये वीज वाहत असली तरी स्वस्थ राहते. हे त्यांनी पाहिलं, आणि पाहिलं तसं लिहिलं. बारावीच्या पुस्तकात इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शनचं जे बारावं प्रकरण आहे त्याचं मूळ या नोंदीत आहे.

आणि ते प्रकरण शिकायला जालन्याइतकी चांगली जागा क्वचित असेल. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनवणारे पोलाद कारखाने आहेत, आणि त्यांच्या इंडक्शन भट्ट्या फॅरडेंच्याच नियमावर चालतात. तांब्याच्या गुंडाळीतून उलटसुलट वीज वाहते, तिचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं, त्या बदलामुळे भट्टीतल्या भंगारात एडी करंट उठतात आणि भंगार आपल्याच आत फिरणाऱ्या विजेने तापतं. शुद्ध लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला. तांबं तर १०८५ ला. मग गुंडाळी कशी वितळत नाही? ज्याचे वडील किंवा काका भट्टीवर कामाला आहेत त्याने हा प्रश्न डाव्या पानावर लिहावा आणि घरी विचारावा. गुंडाळी पोकळ नळीची असते, तिच्यातून थंड पाणी खेळतं, आणि गुंडाळी व भंगार यांच्यामध्ये उष्णता अडवणारं अस्तर असतं. उत्तर घरातच मिळालं की ते पान विद्यार्थी कधी विसरत नाही.

गणितांच्या नोंदी वेगळ्या पद्धतीने कराव्या लागतात. सोडवलेलं न्यूमेरिकल पूर्ण उतरवून काही हाती लागत नाही. आकृती, दिलेलं काय, विचारलं काय, आणि मग एक ओळ: ‘हे कोणत्या तत्त्वाने सुटलं आणि ते तत्त्व इथे लावायचं हे कशावरून कळलं?’ त्याच मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा एक अभ्यास आहे. भौतिकशास्त्राची गणितं कार्डांवर लिहून दिली आणि सारखी वाटतील त्यांचे गट करायला सांगितले. नवख्या विद्यार्थ्यांनी दिसेल तसे गट केले: उताराची गणितं एकीकडे, कप्पीची दुसरीकडे, स्प्रिंगची तिसरीकडे. भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्यांनी तत्त्वावरून केले: ऊर्जा अक्षय्यतेने सुटणारी इथे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी तिथे. त्यांच्या लेखी उतार आणि स्प्रिंग एकाच गटात बसू शकत होते. वहीत वर सांगितलेली ओळ रोज लिहीत गेलं की हळूहळू नजर तशी होते. सीईटीला तर हीच नजर लागते. तिथे फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं. एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. तेवढ्यात आठवायला वेळ नसतो, ओळखावं लागतं.

चुकलेलं गणित खोडू नये. त्यावर एक तिरकी रेघ मारून शेजारी चूक नावानिशी लिहावी: ‘ग्रॅमचं किलोग्रॅम केलं नाही’, ‘कोन उभ्या रेषेपासून मोजायचा होता’. महिनाभराने त्या चुका एकत्र पाहिल्या की ध्यानात येतं, आपण शंभर प्रकारे चुकत नाही, चार-पाच प्रकारेच चुकतो.

मोबाइलवर फळ्याचा फोटो काढायची पद्धत आता पडली आहे. आजारी मैत्रिणीला पाठवायला फोटो ठीक. पण फोटो काढला की काम झालं असं मनाला वाटतं आणि ते पान गॅलरीत लग्नाच्या फोटोंखाली गाडलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्लासच्या पीडीएफचं आणि झेरॉक्सचंही तेच. दुसऱ्याने काढलेल्या नोट्समध्ये त्याचे प्रश्न असतात, आपले नसतात.

वही लिहून झाल्यावर ती मिटून काय करतो, यावर निम्मं काम अवलंबून आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचलेलं पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने पाहिलं तर जे न बघता आठवून लिहितात ते पुढे असतात. जालना, अंबडला शिकायला येणाऱ्या कित्येक मुलांचा रोजचा बराच वेळ एसटीत जातो. हलत्या गाडीत वाचवत नाही, पण वही दप्तरात ठेवून आठवता तर येतं. आज कुठली आकृती काढली? बाण कुठल्या दिशेला होता? वस्तुमान का कटलं? जिथे अडलं ते घरी गेल्यावर डाव्या पानावर. जेवणाआधी दहा मिनिटं पुरतात, पण ती त्याच दिवशीची हवीत.

शेवटी प्रॅक्टिकलचं जर्नल. बोर्डात ७० गुण लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे, म्हणून ते सगळे पूर्ण करतात, पण बरेच जण मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं बघून. रीडिंग जुळवून लिहितात. शिकण्याची सगळ्यात चांगली संधी तिथे हातची जाते. साधा लंबक घ्या. वीस झोके का मोजायचे? कारण घड्याळाचं बटण दाबताना होणारी ०.२ सेकंदाची चूक वीस झोक्यांत वाटली गेली की एका झोक्याला ०.०१ सेकंदच उरते. हे जर्नलच्या कडेला लिहावं. जी चं उत्तर ९.६ आलं तर ९.६ च लिहावं, खोडून ९.८ करू नये, आणि शेजारी नोंदवावं: लांबी कुठून कुठपर्यंत मोजली. दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजून ५० सेंटिमीटर धरली असेल आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर सुटली असेल, तर ५१ घालून पुन्हा गणित करावं. उत्तर ९.८ येतं.